ट्रायजेमिनल नर्व्ह आणि चावण्याचे स्नायू : आरसा, रंगीत सूत आणि कडक भाकरी घेऊन कसं शिकावं

पहिल्या वर्षाला डोकं-मानेची ॲनाटॉमी सुरू झाली की मुलं सगळ्यात जास्त ट्रायजेमिनललाच, म्हणजे चेहऱ्याची संवेदना आणि चावण्याचे स्नायू सांभाळणाऱ्या नर्व्हलाच घाबरतात. तीन शाखा, त्यांच्या उपशाखा, कवटीतली भोकं, गँग्लिऑनं (नर्व्हपेशींच्या गाठी), सगळी यादी रात्रभर घोकून पाठ होते आणि तोंडी परीक्षेत, व्हायवात, पहिल्या उलट्या प्रश्नाला कोलमडते. ‘अर्धा खालचा ओठ बधिर आहे, पण जीभ ठीक आहे, नर्व्ह कुठे दुखावली असेल?’ असं विचारलं की घोकलेल्या यादीत उत्तर सापडत नाही.

माझं याबाबतचं मत पक्कं आहे. ही नर्व्ह शाखांपासून शिकायला सुरुवात करायचीच नाही. आधी जबड्याचं हाड, मग स्नायू, मग कवटीतली भोकं आणि सगळ्यात शेवटी शाखा. प्रत्येक टप्प्यावर जे वाचलं ते स्वतःच्या चेहऱ्यावर बोटाने तपासायचं. सोलापुरात मेडिकल, आयुर्वेद, फिजिओथेरपी, नर्सिंग शिकणारी बरीच मुलं मराठी माध्यमातून आलेली असतात. इंग्रजी पुस्तकातल्या लांबलचक वाक्यांनी ती दबून जातात. हात लावून शिकलं की तेच पुस्तक सोपं वाटायला लागतं, हे मी वर्षानुवर्षं बघत आलो आहे.

साहित्य फार लागत नाही. बोनसेटमधली (अभ्यासासाठीच्या हाडांच्या संचातली) कवटी आणि खालचा जबडा, एक आरसा, काजळपेन्सिल, कापूस, थोडं मेण, तीन रंगांचं सूत आणि कडक भाकरीचे दोन-चार तुकडे. सूत पूर्व भागातल्या कुठल्याही यंत्रमागावर मागितलं तर मिळतं. चादरीचं सूत जाडसर असतं, त्यामुळे कवटीवर ते लांबूनही नीट दिसतं.

पायरी १ : जबडा हातात घ्या

खालच्या जबड्याची मागची उभी फळी म्हणजे रेमस. तिच्या वरच्या टोकाला दोन सुळके आहेत. पुढचा टोकदार तो कोरोनॉइड, मागचा गोलसर तो कंडाइल, आणि दोन्हींच्या मध्ये खाच. कंडाइलच्या मानेवर पुढच्या बाजूला अंगठ्याचं नख फिरवा. एक छोटा खळगा लागेल. तो विसरू नका, पुढची निम्मी गोष्ट त्याच्यावर उभी आहे.

आता जबड्याचा कोन बघा. बाहेरून खडबडीत आहे आणि आतूनही खडबडीत आहे. हाडावर खडबडीत जागा दिसली की तिथे काहीतरी जोर लावून ओढत होतं असं समजायचं. बाहेरून मासेटर ओढतो, आतून मीडियल टेरिगॉइड. कोरोनॉइडला टेम्पोरॅलिस चिकटतो आणि त्या छोट्या खळग्यात लॅटरल टेरिगॉइड. चार स्नायू, चार जागा. चौघेही भ्रूणाच्या पहिल्या फॅरिंजियल आर्चपासून, म्हणजे गळ्याजवळच्या पहिल्या कमानीपासून बनतात आणि म्हणूनच चौघांची नर्व्ह एकच आहे.

रेमसच्या आतल्या बाजूला मधोमध एक भोक आहे, मँडिब्युलर फोरामेन, आणि त्याच्या तोंडाशी हाडाचा जिभेसारखा छोटा कंगोरा, लिंग्युला. बाहेरच्या बाजूला उपदाढांच्या खाली आणखी एक भोक, मेंटल फोरामेन. ही दोन भोकं हाडातल्या एकाच बोगद्याची दोन तोंडं आहेत.

पायरी २ : वर ओढणारे तीन स्नायू

आरशासमोर बसा. दोन्ही हातांची बोटं गालावर, जबड्याच्या कोनाच्या थोडी वर ठेवा आणि दात घट्ट आवळा. बोटांखाली जो गोळा टणक होतो तो मासेटर. गालाच्या हाडाच्या कमानीपासून, म्हणजे झायगोमॅटिक आर्चपासून, तो खाली आणि थोडा मागे कोनाकडे जातो. तंतूंची दिशा कळली की काम आपोआप कळतं. तो जबडा वर उचलतो आणि किंचित पुढेही नेतो.

आता बोटं कानशिलावर. पुन्हा दात आवळा. इथे फुगतो तो टेम्पोरॅलिस. त्याचे पुढचे तंतू उभे आहेत, मागचे जवळजवळ आडवे. पुढचे तंतू जबडा वर उचलतात, मागचे जबडा मागे ओढतात. हे खरं की खोटं ते लगेच बघता येतं. हनुवटी पुढे काढा, एक बोट कानाच्या वर आणि थोडं मागे ठेवा आणि हनुवटी झटक्यात मागे न्या. बोटाखाली हालचाल जाणवेल. जबडा मागे नेणारा मुख्य स्नायू कोणता, हा प्रश्न परीक्षेत हमखास येतो. ज्याने एकदा हे बोटाने अनुभवलं आहे तो त्याचं उत्तर चुकत नाही.

मीडियल टेरिगॉइड बाहेरून दिसत नाही. तो कवटीच्या तळातल्या स्फिनॉइड हाडाच्या उभ्या पत्र्याच्या, लॅटरल टेरिगॉइड प्लेटच्या, आतल्या पृष्ठभागावरून निघून जबड्याच्या कोनाच्या आतल्या बाजूला येतो. बाहेरून मासेटर, आतून हा, आणि मध्ये जबड्याचा कोन. दोघांच्या झोळीत जबडा लटकलेला आहे असं डोळ्यांसमोर आणा. दाढांखाली दाब तयार होतो तो या झोळीमुळे.

पायरी ३ : लॅटरल टेरिगॉइड, इथे घाई करू नका

बाकीचे तिघे तोंड मिटतात. उघडायला मदत करणारा हा एकटाच. त्याची दोन डोकी आहेत. वरचं डोकं स्फिनॉइडच्या ग्रेटर विंगवरून निघतं, खालचं लॅटरल टेरिगॉइड प्लेटच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून. दोन्ही मागे आणि बाहेर जातात आणि कंडाइलच्या मानेवरच्या त्या खळग्यात येऊन लागतात. वरच्या डोक्याचे काही तंतू सांध्यातल्या चकतीला आणि कॅप्सूललाही जातात.

तंतू मागून पुढे ओढतात, तेव्हा कंडाइल पुढे सरकतो. दोन्ही बाजूंचे एकदम ओढले तर हनुवटी पुढे येते. एकाच बाजूचा ओढला तर हनुवटी विरुद्ध बाजूला वळते. मुलं अडकतात ती इथे.

म्हणून कडक भाकरी. ज्वारीची पातळ थापलेली, भाजून वाळवलेली सोलापुरी कडक भाकरी चटकन विरघळत नाही, तिला नीट चावावं लागतं, त्यामुळे हालचाल मोठी होते आणि बोटाला कळते. एक तुकडा उजव्या दाढांखाली घ्या. दोन्ही तर्जन्या दोन्ही कानांच्या अगदी समोर ठेवा, जिथे तोंड उघडल्यावर खड्डा पडतो. आता सावकाश, फक्त उजवीकडेच चावा. उजव्या बोटाखालचा कंडाइल बराचसा जागच्या जागी फिरतो. डाव्या बोटाखालचा मात्र पुढे जातो आणि परत येतो. याचा अर्थ, उजवीकडे चावताना जबडा उजवीकडे नेण्याचं काम डावा लॅटरल टेरिगॉइड करतो आहे. तुकडा डावीकडे घ्या आणि उलट घडताना बघा. घास संपेपर्यंत बोटं काढू नका.

हे हातात बसलं की पुढचं सूत्र पाठ करायची गरज राहत नाही. उजवा लॅटरल टेरिगॉइड लुळा पडला तर तोंड उघडताना डावा कंडाइल पुढे जातो, उजवा मागेच राहतो आणि हनुवटी उजवीकडे वळते. म्हणजे ज्या बाजूचा स्नायू गेला त्याच बाजूला.

सांध्याबद्दल थोडंसं. तोंड उघडताना सुरुवातीला चकतीच्या खालच्या कप्प्यात कंडाइल फिरतो, नंतर चकतीसकट वरच्या कप्प्यात पुढे घसरतो. मोठी जांभई देताना कंडाइल हाडाच्या उंचवट्याच्या पुढे निसटला तर तोंड उघडंच राहतं. तेव्हा वर ओढणारे तिन्ही स्नायू आवळलेले असतात, म्हणून जबडा बसवताना तो आधी खाली दाबावा लागतो आणि मग मागे. हे काम प्रशिक्षित हातांचं आहे, घरच्यांनी ओढाताण न करता रुग्णाला थेट दवाखान्यात न्यावं.

आणि गाल? घास दाढांखाली ढकलून ठेवणारा बक्सिनेटर चावायला मदत करतो, पण तो या चौघांत येत नाही. त्याची नर्व्ह फेशियल, म्हणजे चेहऱ्याचे हावभाव करणारी आहे. बक्कल नर्व्ह त्याला भेदून जाते म्हणून अनेकांचा गोंधळ होतो. ती मँडिब्युलरची शाखा आहे खरी, पण ती फक्त संवेदना वाहते.

पायरी ४ : कवटीत सूत ओवा

ट्रायजेमिनल ही पाचवी क्रेनियल नर्व्ह, बारा जोड्यांत सगळ्यात जाड. मेंदूच्या देठातल्या पॉन्स या भागाच्या बाजूतून ती दोन मुळांनी बाहेर पडते, मोठं संवेदनेचं आणि लहान मोटर, म्हणजे स्नायू हलवणारं. कवटीच्या आत पेट्रस हाडाच्या टोकाजवळ एक उथळ खळगा दिसेल, तिथे मेंदूवरच्या जाड आवरणाच्या, ड्यूराच्या कप्प्यात, मेकेल्स केव्हमध्ये, गॅसेरियन गँग्लिऑन बसतं. मेणाचा एक छोटा गोळा तिथे चिकटवा आणि तिन्ही रंगांचं सूत त्यातून पुढे काढा.

पिवळं सूत ऑफ्थॅल्मिक. ते सुपीरियर ऑर्बिटल फिशरमधून डोळ्याच्या खोबणीत आणा, छताखालून पुढे न्या आणि भुवईच्या हाडावरच्या खाचेतून कपाळावर काढा.

निळं सूत मॅक्सिलरी. ते फोरामेन रोटंडममधून घाला. कवटी उलटी करून खालून हे भोक शोधत बसू नका, ते खालून दिसत नाही. सूत पुढे टेरिगोपॅलटाइन फोसात निघतं. तिथून ते खोबणीच्या तळाशी येतं आणि डोळ्याच्या खालच्या कडेच्या जरा खाली, इन्फ्राऑर्बिटल फोरामेनमधून गालावर उतरतं.

लाल सूत मँडिब्युलर. फोरामेन ओव्हेलमधून थेट खाली. हे भोक आतूनही दिसतं आणि खालूनही. त्याच्या मागेच जरा बाहेरच्या बाजूला छोटं फोरामेन स्पायनोसम आहे, ते मिडल मेनिंजियल आर्टरीचं. लाल सुताबरोबर एक काळा धागाही ओवा. तो मोटर मूळ. तो गँग्लिऑनमध्ये न शिरता त्याच्या खालून जातो आणि फक्त फोरामेन ओव्हेलमधून बाहेर पडतो. बाकी दोन शाखांत मोटर तंतू का नसतात, हे एवढ्या एका धाग्याने कळतं. आता लाल सूत रेमसच्या आतल्या बाजूने मँडिब्युलर फोरामेनपर्यंत आणा. हाडाच्या बोगद्यातून सूत सहसा जात नाही, ओढाताण करून हाड मोडू नका. दोन्ही तोंडांशी मेणाने चिकटवलं तरी चालतं.

कवटी समोर धरा. भुवईची खाच, गालावरचं भोक आणि हनुवटीचं भोक, तिन्ही साधारण एका उभ्या रेषेत येतात. स्वतःच्या चेहऱ्यावर समोर बघताना बुबुळाच्या मध्यातून ही रेषा जाते. तिन्ही जागी बोटाच्या टोकाने दाबा, बारीक कळ लागते. चेहरा बधिर करायची इंजेक्शनं याच जागांशी दिली जातात.

पायरी ५ : डिसेक्शनमध्ये मँडिब्युलर शाखा कशी गाठायची

टेबलावर आलेला देह कुणीतरी देहदान करून दिलेला आहे. घाईने कापून एखादी नर्व्ह तोडली तर त्या बॅचमधल्या कुणालाच ती दिसणार नाही, हे लक्षात ठेवून काम करा.

झायगोमॅटिक आर्च पुढे-मागे कापून मासेटरसकट खाली वळवा. वळवताना जबड्याच्या खाचेतून स्नायूत शिरणारी मासेटरिक नर्व्ह आणि तिच्याबरोबरची धमनी दिसते. ती बघून झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग कोरोनॉइड कापा आणि टेम्पोरॅलिस वर उचला, त्याच्या खालच्या पृष्ठभागावर डीप टेम्पोरल नर्व्ह आहेत. त्यानंतर रेमसचा भाग काढला की समोर लॅटरल टेरिगॉइड येतो आणि इथून पुढे तोच तुमचा वाटाड्या. त्याच्या वरच्या कडेवरून डीप टेम्पोरल आणि मासेटरिक येतात. दोन डोक्यांच्या फटीतून बक्कल येते. खालच्या कडेखालून लिंग्वल आणि इन्फीरियर अल्व्हिओलर उतरतात, लिंग्वल पुढे आणि इन्फीरियर अल्व्हिओलर मागे. हे नीट बघा, कागदावर स्वतः काढा, परत बघा. या तीन वाटा कळल्या की इन्फ्राटेम्पोरल फोसा, म्हणजे रेमसच्या आतली ही खोलगट जागा, निम्मा झाला.

बाकीचं भराभर. ऑरिक्युलोटेम्पोरल दोन मुळांनी मिडल मेनिंजियल आर्टरीला कवेत घेऊन मागे कानाकडे जाते. फेशियलची कॉर्डा टिंपॅनी मागून येऊन लिंग्वलला मिळते, जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाची चव तिच्यातून जाते. इन्फीरियर अल्व्हिओलर बोगद्यात शिरण्याआधी मायलोहायॉइड आणि डायगॅस्ट्रिकच्या पुढच्या पोटाला शाखा देते. टेन्सर टिंपॅनी आणि टेन्सर व्हेली पॅलटिनीही याच मँडिब्युलरचे. चावण्याचे चार, हे चार, मिळून आठ स्नायू.

आता सुरुवातीचा प्रश्न. अर्धा ओठ बधिर, जीभ ठीक. म्हणजे लिंग्वल शाबूत आहे, इजा दोघी वेगळ्या झाल्यानंतरची आहे, इन्फीरियर अल्व्हिओलरमध्ये किंवा तिच्या शेवटच्या मेंटल शाखेत. त्या बाजूचे खालचे दातही बधिर असतील तर इजा बोगद्यात किंवा त्याच्या मागे. दात ठीक असतील तर मेंटल फोरामेनच्या बाहेर. खालची दाढ काढताना इन्फीरियर अल्व्हिओलरच्या एका इंजेक्शनवर भागत नाही आणि बक्कलचं वेगळं द्यावं लागतं, त्याचं कारणही इथेच आहे. दाढेजवळच्या गालाकडच्या हिरडीची संवेदना बक्कलकडे आहे.

पायरी ६ : मित्राच्या चेहऱ्यावर नकाशा आणि तपासणी

काजळपेन्सिलने तीन प्रदेश काढा. कपाळ, टाळूच्या मध्यापर्यंतचं डोकं, वरची पापणी आणि नाकाचा कणा थेट शेंड्यापर्यंत ऑफ्थॅल्मिकचा. खालची पापणी, गालाचा वरचा भाग, नाकपुडीची बाजू आणि वरचा ओठ मॅक्सिलरीचा. खालचा ओठ, हनुवटी आणि कानासमोरून कानशिलापर्यंत जाणारा पट्टा मँडिब्युलरचा. जबड्याचा कोन मात्र रिकामा सोडा. तिथली त्वचा मानेतल्या दुसऱ्या-तिसऱ्या नर्व्हची, ग्रेट ऑरिक्युलरची. चेहऱ्याची एक बाजू कोनासकट, अगदी मध्यरेषेपर्यंत काटेकोर बधिर आहे असं कुणी सांगितलं तर ट्रायजेमिनलच्या पलीकडचा विचार करावा लागतो.

स्पर्श कापसाने तपासा, वेदना स्वच्छ नव्या टोकाने. रुग्णाचे डोळे मिटलेले हवेत आणि दोन्ही बाजूंची तुलना करत जायचं. कॉर्नियल रिफ्लेक्ससाठी, म्हणजे डोळ्याला स्पर्श होताच पापण्या आपोआप मिटतात का ते बघण्यासाठी, कापसाची वात बाजूने आणून बुबुळाच्या कडेला हलकेच लावतात, दोन्ही डोळे मिटायला हवेत. उजव्या डोळ्याला स्पर्श केल्यावर एकही मिटला नाही तर दोष उजव्या ऑफ्थॅल्मिकमध्ये. डावा मिटला आणि उजवा नाही, तर दोष उजव्या फेशियलमध्ये. मित्रावर सराव करताना हे करू नका, वॉर्डात सरांच्या देखरेखीखालीच करा.

मोटरसाठी दात आवळायला सांगून मासेटर आणि टेम्पोरॅलिस चाचपा, कानशिलात खळगा पडलाय का बघा. मग हनुवटीला हाताचा विरोध देऊन जबडा डावी-उजवीकडे ढकलायला सांगा. जबड्याच्या रिफ्लेक्ससाठी तोंड अर्धवट उघडं ठेवून हनुवटीवर आपलं बोट ठेवायचं आणि बोटावर हॅमरने हलकी टिचकी मारायची. निरोगी माणसात तो नसतो किंवा जेमतेम असतो. जोरात उसळला तर पॉन्सच्या वर दोन्ही बाजूंच्या वाटा दुखावल्याची शंका घ्या. एका बाजूच्या अर्धांगवायूत चावणं सहसा टिकून राहतं, कारण मोटर न्यूक्लियसला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आदेश येतात.

पायरी ७ : रुग्णासमोर

जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत पहाटेचा गार वारा सुटला की काही रुग्ण अर्धा चेहरा रुमालाने झाकून येतात. पूर्व भागातले एक यंत्रमाग कामगार असेच आले होते. बोलताना मध्येच थांबायचे, डोळा गच्च मिटायचे आणि हात गालाजवळ नेऊनही गालाला लावायचे नाहीत. खालच्या दोन दाढा काढून झाल्या होत्या, कळ तशीच होती. ती ट्रायजेमिनल न्यूराल्जियाची कळ होती.

ही कळ विजेच्या झटक्यासारखी येते, क्षणभर ते फार तर दोन मिनिटं टिकते. दात घासणं, तोंड धुणं, घास चावणं, वारा लागणं एवढंही निमित्त पुरतं. बहुतेकदा पन्नाशीनंतर आणि दुसऱ्या-तिसऱ्या शाखेच्या प्रदेशात. दातदुखी अशी वागत नाही. ती ठणकते, रात्री वाढते, ठोकल्यावर तोच दात दुखतो. न्यूराल्जियात दोन झटक्यांच्या मध्ये तपासणी साधारणपणे पूर्ण स्वच्छ असते. म्हणून चेहरा बधिर सापडला, कानशील खपाटीला गेलेलं दिसलं किंवा रुग्ण तरुण असला तर नर्व्ह दाबणारी गाठ किंवा मल्टिपल स्क्लेरॉसिस शोधायला एमआरआय हवाच. एरवी पॉन्सजवळ नर्व्हवर टेकलेली धमनी हे मोठं कारण असतं. कार्बामॅझेपिनने बहुतेकांना आराम पडतो, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि रक्ततपासण्या करत घ्यायचं औषध आहे. अंगावर पुरळ आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दाढ काढण्याआधी एवढी चौकशी झाली असती तर त्या माणसाच्या दोन चांगल्या दाढा वाचल्या असत्या, याची मला आजही हळहळ वाटते.

नागिणीचे फोड कपाळावर एकाच बाजूला आले तर नाकाचा शेंडा बघा. तिथे फोड असेल तर ऑफ्थॅल्मिकची नाकाला आणि डोळ्याला जाणारी नेझोसिलियरी शाखा सापडली आहे आणि डोळा धोक्यात आहे. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवा.

आणि तोंड न उघडणारे रुग्ण. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी सुपारी-तंबाखूचा मावा चघळणारी विशी-पंचविशीतली मुलं ओपीडीत दिसतातच. ‘तिखट लागलं की आग होते, शेंगाचटणी खाता येत नाही’ ही बहुधा पहिली तक्रार असते. यात ट्रायजेमिनल शाबूत असते, स्नायूही सुरुवातीला शाबूत असतात. सुपारीमुळे गालाच्या आतलं अस्तर घट्ट होत जातं, त्याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात आणि त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. गालाच्या आत बोट फिरवलं तर उभे, कडक पट्टे लागतात आणि अस्तर फिकट दिसतं. अक्कलदाढेभोवतीचा जंतुसंसर्ग, धनुर्वात, किंवा खालची दाढ बधिर करताना सुई मीडियल टेरिगॉइडमध्ये जाणं, यानेही तोंड अडकतं, पण त्यात हे पट्टे नसतात.

मोजायची पद्धत सोपी आहे. रुग्णाची स्वतःची तीन बोटं उभी करून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये जायला हवीत. नंतर पट्टीने मोजा. मोठ्या माणसात ३५ ते ५० मिलिमीटर हे नेहमीचं माप. आकडा केसपेपरवर तारखेसकट लिहा आणि दर भेटीला तसाच मोजा. मावा त्याच दिवसापासून बंद करायला सांगा, तोंड उघडायचे व्यायाम समोर करून घ्या. पांढरा किंवा लाल चट्टा, अथवा दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर वाट न बघता बायोप्सीसाठी पाठवा.